कृपया कायमचा पत्ता भरा

संगणकावरच्या फॉर्ममध्ये काही रकान्यांपुढे एक लाल तारा असतो. तारांकित रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. आमच्या बेघर निवारा केंद्राच्या नोंदणीत असे तीन तारे आहेत : नाव, मोबाइल क्रमांक आणि कायमचा पत्ता. समोरचा माणूस बेघर आहे म्हणूनच इथे उभा आहे, ही बातमी संगणकापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

रात्रपाळीचा काळजीवाहक आधी खरं लिहून बघतो. ‘पुलाखाली.’ संगणक पिनकोड मागतो. सहा शून्यं दाबली की ‘अवैध पिनकोड’ अशी पाटी येते. मागे रांगेत अकरा जण, बाहेर पाऊस. शेवटी तो त्याला पाठ असलेला एकमेव पिनकोड टाकतो, म्हणजे निवाऱ्याचाच. पत्त्यातही निवाराच. मोबाइलच्या जागी स्वतःचा नंबर. फॉर्म निमूटपणे हिरवा होतो आणि माणसाला खाट मिळते. काळजीवाहकाचं चुकलं असं मला मुळीच वाटत नाही. खोटं त्याने लिहिलं, पण लिहायला ताऱ्याने लावलं.

भोगायची वेळ वर्षाअखेरीस येते. याच नोंदींवरून ‘शहरात बेघर कुठे आहेत’ याचा नकाशा निघतो. त्यावर एकच भलामोठा लाल ठिपका असतो, बरोबर निवाऱ्याच्या डोक्यावर. निष्कर्ष : या भागात बेघरांची संख्या चिंताजनक असून येथे आणखी एक निवारा उभारावा. रेल्वे स्टेशनच्या बाहेर जिथे रात्री पाय ठेवायला जागा नसते, तो भाग नकाशात आरशासारखा स्वच्छ.

यावर उपाय सोपा आहे. पत्ता विचारायचाच नाही. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारायचे : काल रात्री कुठे झोपलात, मूळ जिल्हा कुठला, आणि निरोप द्यायचा झाला तर कुठे द्यायचा. तिसऱ्याला ‘स्टेशनसमोरची चहाची टपरी’ हे उत्तर उत्तम. टपरीवाला निरोप पोहोचवतो, पिनकोड पोहोचवत नाही. आणि तिन्हींना तारा नको.

(जाता जाता : अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. आमच्या सोसायटीत तीन अनिकेत आहेत, तिघेही फ्लॅटचे मालक. निवाऱ्याच्या यादीत मात्र श्रीनिवास सापडतात.)

मुळात बेघर कोण, हे ठरवणंही सोपं नाही. २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली. फुटपाथ, ह्यूम पाइप, जिन्याखालची जागा, देवळं, मंडप, फलाट, जिथे छपराचं घर नाही तिथे झोपलेला तो बेघर. देशात आकडा आला १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. मोजणी एकाच रात्री करण्याला कारण आहे : आज इथे मोजलेला माणूस उद्या पलीकडच्या प्रभागात पुन्हा मोजला जातो. पण एका रात्रीतही दगा होतो. प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधोमध जाते आणि दुभाजकावर झोपलेल्याला दोन्ही पथकं आपापल्या वहीत घेतात. उड्डाणपुलाखाली याच्या उलट : पूल तुमचा, खांब आमचा, आणि मधला माणूस कुणाचाच नाही. म्हणून मोजणीच्या आदल्या दिवशी दोन्ही पथकांनी दिवसाउजेडी हद्दीवरून चालून यावं आणि दुभाजक कुणाचा ते तिथेच ठरवावं. झोपलेल्याला शक्यतो उठवूही नये. त्यामुळे एका चादरीखाली एक माणूस आहे, दोन आहेत की भंगाराचं पोतं आहे, हा अंदाजाचा भाग. तसं शेऱ्यात लिहावं.

आता तारखेचं त्रांगडं. निवाऱ्याच्या कामात हिशेब रात्रीचा असतो आणि संगणकाची तारीख ठीक रात्री बाराला बदलते. लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जाणारा माणूस पंगती आवरून अडीचला येतो. रात्र १४ तारखेची, नोंद १५ची. दुसऱ्या दिवशी काम नसतं म्हणून तो नऊलाच हजर. पुन्हा १५. एका तारखेत एका माणसाने दोन रात्री काढलेल्या बघून संगणक ‘दुबार नोंद’ म्हणत एक पुसून टाकतो. १४ला खाट रिकामी दिसते, आणि महिनाअखेरीला ‘खाटा रिकाम्या का’ असं पत्र येतं. खाटेवर घोरणाऱ्याचा पुरावा कसा जोडायचा?

पंचांगवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. त्यांचा वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे अडीचला जन्मलेल्या नातवाचा वार आजी आदलाच सांगते आणि तिला सर्व्हर लागत नाही. आपण एवढंच करायचं : निवाऱ्याचा दिवस दुपारी १२ ते दुसऱ्या दुपारी १२ धरायचा. आल्याच्या वेळेतून बारा तास वजा करायचे, जी तारीख निघेल ती त्या रात्रीची. १५च्या पहाटेचे अडीच होतात १४ची दुपार, १५च्या रात्रीचे नऊ होतात १५ची सकाळ. एका ओळीचं सूत्र आहे. फक्त ते शहरातल्या सगळ्या निवाऱ्यांत एकाच महिन्यापासून लावावं. निम्म्यांत लावलं तर पूर्वीचं बरं होतं.

खरा कस लागतो तो या वाक्याला : ‘लाभार्थी संख्या आज दुपारी ४ पर्यंत कळवावी.’ समजा ५० खाटांचा निवारा आहे, महिना ३० रात्रींचा, आणि रोज सरासरी ४२ जण. झाल्या १,२६० माणूस-रात्री. या महिन्यात वेगवेगळी माणसं आली ९७. त्यातली पहिल्यांदाच आलेली २८. महिन्याच्या शेवटच्या रात्री होती ३९. चारही आकडे खरे, चारही ‘लाभार्थी’, आणि पत्रात रकाना एक. मग जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे भरतो. भिडस्त माणूस ३९ लिहितो, उत्साही १,२६०. मुख्यालयात दोघांची बेरीज होते : १,२९९, ज्यात माणसं आणि रात्री एका पंगतीला बसलेल्या असतात. भिडस्ताची बदली होऊन तिथे उत्साही आला, की वर्षभराने विचारणा येते : त्याच केंद्रात गेल्या वर्षी ३९, यंदा १,२६०, म्हणजे बत्तीस पट वाढ, खुलासा सादर करावा. वार्षिक अहवालात बारा महिन्यांच्या वेगवेगळ्या माणसांची बेरीज मारली, तर वर्षभर एकाच खाटेवर राहिलेले आजोबा एकटेच बारा जण होतात. सरकारी निकषाप्रमाणे शहरात दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी निवारा हवा. तो पुरतो की नाही हे ज्या आकड्यावरून ठरवायचं, त्याची ही कथा. म्हणून मी रकान्याच्या नावातच व्याख्या कोंबतो : ‘या महिन्यात किमान एक रात्र राहिलेल्या वेगवेगळ्या व्यक्ती’. रकाना रुंद होतो, पानावर मावत नाही, पण चालतं.

नावांकडे वळू. जुन्या याद्या श्रीलिपी या फॉन्टमध्ये, त्याहून जुन्या कृतिदेव या फॉन्टमध्ये, नव्या युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात. तिन्ही एका फाइलीत चिकटवल्या की अर्धी यादी मराठीत आणि अर्धी कुणीतरी कीबोर्डवर बसल्यासारखी दिसते. ती रूपांतरित केली, तरी शिंदे आणि शिन्दे संगणकाच्या मते परके. शिंदेच्या मागे एक अदृश्य मोकळी जागा सुटली की तो तिसरा. एका केंद्रात ज्ञानेश्वर, दुसऱ्यात ज्ञानोबा आणि तिसऱ्यात नुसतंच ‘माऊली’, हा एकच गृहस्थ असू शकतो. वयाची तर मौजच. सगळे ३५, ४०, ४५ किंवा ६०. अधलीमधली वयं कुणाला होतच नाहीत. जन्मतारीख माहीत नसली की आधारवर बहुधा १ जानेवारी पडते, त्यामुळे निम्म्या निवाऱ्याचा वाढदिवस एकाच दिवशी. तेव्हा जुळवणी नुसत्या नावावर करू नये. नाव, वडिलांचं नाव, मूळ जिल्हा आणि वय पाच वर्षं इकडेतिकडे, असं लावून संशयित जोड्या काढाव्यात आणि शेवटचा निर्णय त्या माणसांना ओळखणाऱ्या काळजीवाहकाने द्यावा. संगणकाला आपोआप जोडू दिलं, तर दोन सज्जन एका खाटेवर येतात.

एक्सेलबद्दल थोडक्यात. बारा आकडी आधार क्रमांक त्यात टाकला की तो ‘४.५६ई+११’ असा दिसू लागतो, आणि फाइल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की मूळ आकडे कायमचे गेले. आधी रकाना ‘टेक्स्ट’ करावा, मग टंकावं. खरं तर पूर्ण आधार क्रमांक यादीत घालूच नये. शेवटचे चार आकडे पुरतात, कारण ही यादी संध्याकाळपर्यंत चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणारच असते.

आधारचा आणखी एक पेच. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. त्यावर माणसाला आधार मिळतं, पत्ता निवाऱ्याचा. आनंदीआनंद. पुढे एखाद्या छाननीत शेरा येतो : ‘लाभार्थ्यास पक्क्या इमारतीतील पत्ता असल्याने बेघर म्हणता येणार नाही.’

आणि निरंक. या शब्दावर माझं प्रेम आहे, पण त्याने छळलंही तेवढंच आहे. आरोग्य तपासणीच्या रकान्यात शून्य म्हणजे शिबिर झालं, कुणी आलं नाही. निरंक म्हणजे शिबिरच झालं नाही. रिकामी जागा म्हणजे लिहायचं राहिलं. तिन्हींचे अर्थ वेगळे, पण एक्सेलच्या ‘SUM’ सूत्राने केलेल्या बेरजेत तिघांचा भाव सारखा. दोन चौकटी अधिक चिन्हाने जोडल्या असतील, तर मात्र निरंक दिसताच एक्सेल बेरीजच करायला नकार देतं. मग कुणीतरी सगळे निरंक पुसून शून्य भरतं, आणि न झालेली शिबिरं झाल्यासारखी दिसतात.

शेवटचा रकाना, ‘बेघर होण्याचे कारण’. यादी अकारविल्हे लावलेली असल्यामुळे सगळ्यात वर ‘अन्य’ आणि तेच आधीपासून निवडलेलं. साहजिकच शहरातले बहुतेक सगळे जण ‘अन्य’ कारणाने बेघर. आमची मागणी साधी : आधीपासून काही निवडू नका आणि ‘माहीत नाही’ हा पर्याय द्या. तीन स्मरणपत्रांनंतर ती मान्य होते. पर्याय येतो. तो निवडला की खाली नवा रकाना उघडतो : ‘माहीत नसल्याचे कारण नमूद करावे’. पुढे लाल तारा.