‘हँडल गेले म्हणजे खिडकी गेली’ या संदेशाला उत्तर

सांगली, मिरज आणि कुपवाडमधील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातील दावे थोडक्यात असे आहेत. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) डबल काचेच्या खिडक्या आणि दारे दुरुस्त होण्यासाठी बनवलेलीच नसतात. लॉक अडले की पूर्ण पल्ला, बहुधा चौकटीसकट, बदलावा लागतो. सुटे भाग आपल्याकडे मिळत नाहीत. बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की प्लास्टिकमध्ये तो पुन्हा पकड घेत नाही. दोन काचांच्या मध्ये धुके दिसले की खिडकी बाद झाली. तोपर्यंत खोबरेल तेल सोडून आणि जोर लावून काम चालवावे, आणि पैसे साठले की सगळे नवीन करून घ्यावे, कारण तेच शेवटी परवडते.

मी या भागात खिडक्या-दारांच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे या विषयात माझा रोजगार गुंतलेला आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे. म्हणूनच पुढील बहुतेक मुद्दे कोणालाही आपल्या घरी स्वतः पडताळून पाहता येतील असेच घेतले आहेत. हा संदेश वाचून लोक चांगली चौकट भिंतीतून उखडून काढतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिला दावा लॉकचा आहे आणि सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. गॅलरीच्या दाराला साधारणपणे मल्टी-पॉइंट लॉक असते, म्हणजे हँडल वर उचलले किंवा फिरवले की पल्ल्याच्या कडेतील लांब पट्टी सरकते आणि तिच्यावरील रोलर किंवा हूक चौकटीवरच्या कीपमध्ये (ते अडकण्यासाठी बसवलेल्या धातूच्या खाचेत) तीन-चार ठिकाणी एकाच वेळी अडकतात. हँडल जड झाले, किल्ली फिरेना, की घरातील माणसे आणि पुष्कळदा कारागीरही लॉक गेले असे म्हणून मोकळे होतात. त्याआधी एकच गोष्ट करून पाहावी. दार सताड उघडे ठेवावे आणि उघड्या स्थितीतच हँडल फिरवून व किल्ली लावून पाहावी. उघड्या दारात सर्व काही सुरळीत चालत असेल आणि बंद केल्यावरच अडत असेल, तर लॉकला काहीही झालेले नाही. पल्ला जागेवरून सरकला आहे आणि रोलर कीपच्या तोंडाशी आदळत आहेत. उघड्या दारातही हँडल जड, सैल किंवा कडकडत असेल, तरच हँडलमागील गिअरबॉक्स (हँडलच्या फिरण्याने पट्टी सरकवणारी पेटी) झिजला किंवा तुटला असण्याचा संभव आहे, आणि पुष्कळ प्रकारांत तो गिअरबॉक्ससुद्धा पट्टीपासून सोडवून वेगळा बदलता येतो.

पल्ला सरकण्याची कारणे पाहिली की दुरुस्ती किती सोपी असू शकते हे ध्यानात येते. दोन काचांचा पल्ला एका काचेच्या पल्ल्यापेक्षा बराच जड असतो आणि त्याचा सगळा भार एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकलेला असतो. हा भार पेलण्यासाठी काच आणि प्रोफाइल (पल्ल्याची प्लास्टिकची पोकळ चौकट) यांच्यामधील फटीत प्लास्टिकचे पॅकर, म्हणजे आधाराचे पातळ तुकडे, ठरावीक जागी बसवावे लागतात: खाली बिजागरीच्या कोपऱ्यात आणि वर त्याच्या तिरक्या समोर, हँडलच्या बाजूच्या कोपऱ्यात. शेतातील फाटकाला जसा एक तिरका दांडा मारलेला असतो, तेच काम येथे काच स्वतः करते. बसवताना घाईत हे पॅकर राहून गेले किंवा नंतर सरकले, तर पल्ल्याचा हँडलकडील खालचा कोपरा हळूहळू खाली येतो. दार जवळून पाहिले तर हे डोळ्यांनाच दिसते. हँडलच्या बाजूची वरची फट मोठी झालेली असते, खालच्या कोपऱ्यात पल्ला चौकटीला घासून पांढऱ्या प्रोफाइलवर राखाडी ओरखडा उमटलेला असतो, आणि कीपच्या खालच्या ओठावर रोलर घासल्याची चकाकी आलेली असते.

अशा दारासाठी आधी बिजागऱ्यांवरील प्लास्टिकच्या टोप्या काढून आतील स्क्रू ॲलन-कीने फिरवून पाहतात, कारण दारांच्या पुष्कळ बिजागऱ्यांना पल्ला वर-खाली आणि आडवा सरकवण्याची सोय असते. तेवढ्याने भागले नाही, तर काचेभोवतीच्या बीडिंगच्या पट्ट्या काढाव्या लागतात. आधी लांब पट्टी, तीही मधोमध पातळ पात्याने उचलून, आणि परत बसवताना आधी आखूड पट्ट्या. मग प्लास्टिकच्या पट्टीने पल्ला उचलून योग्य कोपऱ्यांत पॅकर भरले, दोन्ही तिरकी मापे तपासली, की तेच ‘गेलेले’ लॉक एका बोटाने फिरू लागते. यात लॉकचा एकही भाग विकत घ्यावा लागत नाही. काच टफन (उष्णतेने कडक केलेली) असेल तर तिच्या कडेला हत्याराचा टोला लागू देऊ नये. पृष्ठभागावर बराच मार सोसणारी ही काच कडेवरच्या लहानशा आघातानेही पूर्ण चुरा होते. म्हणून हे काम ज्याने आधी केले आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे.

सांगलीच्या उन्हाळ्याचा एक वेगळा भाग येथे सांगितला पाहिजे. यूपीव्हीसी उष्णतेने लाकूड किंवा लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते. दोन मीटर लांबीच्या मोकळ्या प्रोफाइलचे तापमान पंचवीस अंशांनी वाढले तर तिची लांबी तीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. आत पोलादी पट्टी असल्यामुळे प्रत्यक्षात ही वाढ कमी भरते, पण शून्य होत नाही. पश्चिमेकडील दार एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अडत असेल आणि सकाळी विनातक्रार लागत असेल, तर कारण बहुतेक हेच असते. कीप थोडे सरकवले किंवा पट्टीवरील अंडाकृती फिरणाऱ्या रोलरचा दाब कमी केला की प्रश्न सुटतो. त्यासाठी कोणी नवीन लॉकचे अंदाजपत्रक देऊ लागला, तर त्याला दार सकाळी येऊन पाहायला सांगावे.

आपल्याकडे सरकत्या खिडक्या अधिक आहेत, आणि त्यांचे ‘लॉक लागत नाही’ हे दुखणे बहुधा खालच्या चाकांत असते. धूळ, वाळू आणि ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी ट्रॅकमध्ये साचते, चाक फिरण्याऐवजी घासत जाते आणि एका बाजूने चपटे होते. पल्ला त्या बाजूला तीन-चार मिलिमीटर बसला की लॉकचा हूक समोरच्या खाचेच्या खाली जातो. पल्ल्याच्या बाजूला, तळाशी असलेल्या छोट्या छिद्रातील स्क्रूने चाकाची उंची कमी-जास्त करता येते; चाकच झिजले असेल तर पल्ला उचलून बाहेर काढून चाकांची जोडी बदलावी लागते. लॉकला हात लावण्याची गरज पडत नाही.

सुटे भाग मिळत नाहीत, हा दुसरा दावा. गणपती पेठेतील एखाद्या दुकानात जाऊन ‘खिडकीचे हँडल द्या’ म्हटले तर ते मिळणार नाही, हे खरे आहे. पण हे भाग मापांवर चालतात, आणि मापे मोठ्या प्रमाणावर ठरलेली आहेत. उघडणाऱ्या खिडकीच्या हँडलचा चौकोनी स्पिंडल (हँडलमधून लॉकमध्ये जाणारी दांडी) बहुतांश वेळा ७ मिलिमीटरचा आणि त्याच्या दोन स्क्रूंमधील अंतर ४३ मिलिमीटर असते. दाराच्या हँडलचा स्पिंडल सहसा ८ मिलिमीटरचा असतो, आणि तेथे स्पिंडलच्या मध्यापासून सिलिंडरच्या (किल्ली लावतो त्या भागाच्या) मध्यापर्यंतचे अंतर, साधारण ८५ किंवा ९२ मिलिमीटर, मोजून घ्यावे लागते. लॉकची पट्टी ज्या खोबणीत बसते ती युरो ग्रूव्ह १६ मिलिमीटर रुंदीची असते. एवढी मापे, लॉकच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या विक्रेत्याकडे पाठवला, तर बहुतेक भाग कुरिअरने घरी येतात. स्पिंडलची लांबी मात्र विसरू नये. तो आखूड पडला तर गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत नाही आणि नवे हँडलही जुन्यासारखेच मोकळे फिरते.

दोष हँडलचा आहे की गिअरबॉक्सचा, हेही घरीच कळते. खिडकीच्या हँडलच्या बुडाशी असलेली टोपी किंचित ओढून पाव फेरा फिरवली की खाली दोन स्क्रू दिसतात. हँडल काढून मोकळा स्पिंडल पकडीने हलकेच फिरवावा. पट्टी सरकली तर दोष हँडलमध्ये आहे.

सिलिंडर बदलणे तर याहून सोपे आहे. दाराच्या कडेला, सिलिंडरच्या बरोबर रेषेत असलेला एक स्क्रू त्याला धरून ठेवतो. नवीन सिलिंडर घेताना त्या स्क्रूच्या छिद्रापासून आतील आणि बाहेरील टोकापर्यंत अशी दोन्ही मापे वेगवेगळी घ्यावीत, आणि बाहेरच्या बाजूने तो हँडलच्या पट्टीपुढे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त येणार नाही हे पाहावे, कारण पुढे आलेला सिलिंडर पकडीत धरून मोडता येतो. केवळ किल्ली हरवली म्हणून पूर्ण लॉक बदलायला सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

या दाव्यात एक तथ्य आहे, ते मान्य करायला हवे. काही कंपन्यांच्या जुन्या सरकत्या खिडक्यांची चाके आणि टच-लॉक त्या-त्या प्रोफाइलपुरतीच बनवलेली होती, आणि ती प्रोफाइल बंद झाली की तंतोतंत तोच भाग मिळत नाही. अशा वेळी जवळच्या मापाचा भाग घेऊन त्याला पॅकिंग द्यावे लागते. दिसायला थोडा फरक राहतो, खिडकी चालते.

स्क्रूचा दावा अर्धवट माहितीवर उभा आहे. यूपीव्हीसीची प्रोफाइल आतून पोकळ असते आणि तिच्या मुख्य कप्प्यात जस्ताचा थर दिलेली पोलादी पट्टी घातलेली असते. स्क्रू केवळ प्लास्टिकच्या पातळ भिंतीत अडकलेला असेल तर तो आज ना उद्या निसटणारच. पोलादापर्यंत पोहोचलेला स्क्रू सहजासहजी निसटत नाही. म्हणून उपाय असा, की जरा जाड व लांब, पोलादात आटे पाडून जाणारा स्क्रू घ्यावा किंवा बिजागरी थोडी वर-खाली सरकवून नव्या जागी बसवावी. बाहेर उघडणाऱ्या खिडकीला बिजागरीऐवजी फ्रिक्शन स्टे, म्हणजे पल्ला हव्या तेवढ्या उघड्या स्थितीत धरून ठेवणाऱ्या सरकत्या धातूच्या पट्ट्या, असतात. त्यांचे रिव्हेट सैल झाले की पल्ला वाऱ्याने आपटू लागतो किंवा बंद होताना कोपऱ्यात अडतो. स्टे नेहमी जोडीनेच बदलावेत, आणि घेताना त्यांची लांबी व मिटलेल्या स्थितीतील जाडी, म्हणजे १३ की १७ मिलिमीटर, दोन्ही मोजावी. वरच्या मजल्यावर हे काम एकट्याने कधीही करू नये. स्टेचा शेवटचा स्क्रू निघाला की पल्ल्याचे पूर्ण वजन हातावर येते आणि खाली रस्ता असतो.

काचेतील धुक्याबद्दल लोक उगाचच घाबरतात. काच आतून पुसावी, बाहेरून पुसावी. दोन्हीकडून पुसूनही धुके जात नसेल तर ते दोन काचांच्या मध्ये आहे. याचा अर्थ कडेचे सील उघडले आहे आणि मधल्या ॲल्युमिनियम पट्टीत भरलेले ओलावा शोषणारे दाणे आता आणखी ओलावा घेऊ शकत नाहीत. कारागीर ज्याला डीजीयू म्हणतात ती काचांची जोडी मापाने नवीन करून आणावी आणि त्याच पल्ल्यात बसवावी. चौकट, लॉक, बिजागऱ्या सर्व तेच राहते. काचेला छिद्र पाडून धुके घालवून देतो असे कोणी सांगितले तर नकार द्यावा, कारण टफन काचेला नंतर छिद्र पाडता येत नाही, ती फुटते. नवीन जोडी बसवण्याआधी चौकटीच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे मोकळी आहेत का, हे मात्र अवश्य पाहावे. आपल्याकडे मुंग्या आणि मातीचे घर करणारी कुंभारमाशी ती बुजवून टाकतात, पावसाचे पाणी आत साचून काचेच्या कडेला लागते, आणि नवीन सीलही त्याच वाटेने जाते.

खोबरेल तेलाचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो फुकट आणि निरुपद्रवी वाटतो. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास गोठते. डिसेंबरच्या पहाटे बाटलीत जे घट्ट होते, तेच सिलिंडरमधील बारीक पिनांच्या भोवतीही होते, आणि त्यात धूळ मिसळली की किल्ली अर्ध्यातच अडते. सिलिंडरमध्ये ग्राफाइटची कोरडी पूड घालावी. पट्टी आणि रोलर यांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात, पण ते काळ्या रबरी गॅस्केटला लागू देऊ नयेत. हे रबर बहुधा ईपीडीएम या कृत्रिम प्रकारचे असते आणि खनिज तेलाने फुगते. गॅस्केटला सिलिकॉन स्प्रे चालतो. जोर लावण्याविषयी एवढेच सांगतो, की पॅकर सरकल्याचा किरकोळ दोष गिअरबॉक्स तुटण्यापर्यंत नेण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

राहिला परवडण्याचा मुद्दा. नवीन खिडकीची तुलना हँडलच्या किमतीशी केली जाते, तेव्हा चौकट भिंतीतून काढल्यावर फुटणारा गिलावा, चारी बाजूंची ग्रॅनाइटची पट्टी, रंग आणि पुन्हा भरावे लागणारे सिलिकॉन कोणी मोजत नाही. शिवाय वर्षानुवर्षे पावसात न गळलेला सांधा आपण स्वतःहून उघडतो. तरीही पूर्ण बदल करणेच योग्य अशा खिडक्या असतात. कोपऱ्यांचे वेल्डिंग उघडले असेल, प्रोफाइल वाकली असेल किंवा आतील पोलाद गंजून स्क्रू धरण्याच्या लायकीचे राहिले नसेल, तर मीही दुरुस्ती नाकारतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांच्या तळमजल्यावर पाणी अनेक दिवस थांबले, तेथे ही तपासणी विशेष काळजीने करावी. गाळ प्रोफाइलच्या पोकळीत शिरलेला असतो, पोलादाच्या कापलेल्या टोकांवर जस्ताचा थर नसल्यामुळे गंज तेथूनच सुरू होतो, आणि बाहेरून खिडकी स्वच्छ धुतलेली दिसत असली तरी तळाच्या छिद्रांतून तांबूस पाणी ओघळताना आढळते. अशा खिडकीचे बिजागरीचे दोन स्क्रू काढून त्यांची टोके पाहावीत. ती गंजून बारीक झाली असतील तर त्या खिडकीवर नवीन लॉकचा खर्च करू नये.