छतावरचं कोकण

आमच्या बाथरूमच्या छताला, गिझरच्या वरच्या कोपऱ्यात, जूनच्या अखेरीस सिंधुदुर्ग उगवला. काळपट, कडेने हिरवट. गणपतीपर्यंत त्याने रत्नागिरी गिळली आणि पितृपक्षात रायगड ओलांडून तो ट्यूबलाइटला, म्हणजे ठाणे जिल्ह्याला, भिडला. आम्ही डोंबिवलीचे. तेव्हा कुठे मला धोका जाणवला.

तोवर घरात तीन आजार सुरू होते आणि तिन्हींची कारणं ठरलेली होती. लेक उठल्या उठल्या ओळीने अकरा शिंका द्यायची, ते आइस्क्रीममुळे. आईला रात्री खोकल्याची ढास लागायची. ते सुनेच्या फोडणीमुळे. माझं नाक जुलैपासून चोंदलेलं. ते, बायकोच्या मते, काम सांगितलं की चोंदतं.

डॉक्टरांनी आईची पाठ तपासली, दमा जुना आहे हे ऐकलं आणि विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?"

"आहे ना," आई म्हणाली, "अख्खं कोकण आहे."

बुरशी हवेत बीजाणू सोडते, ते नाकात गेले की ॲलर्जीवाल्याला शिंका आणि दमेकऱ्याला धाप, असं त्यांनी समजावलं. औषध लिहून दिलं, पण आधी भिंतीचं बघा म्हणाले.

भिंतीचं बघायला घरात वैद्य पुष्कळ. आईचा लिंबू आणि खायचा सोडा. पुण्याच्या मामांचा फोनवरून विरोध : "अरे, पेनिसिलिन बुरशीचंच! सरकारने १९५४ साली पिंपरीत त्यासाठी कारखाना काढला, आणि तू पुसायला निघालास?" मामांच्या बाथरूमला दोन खिडक्या आहेत. त्यांना विज्ञान परवडतं.

मी ब्लीचिंग पावडर कालवून फासली. डाग ढिम्म. म्हणून त्यावर संडास धुवायचं ॲसिड मारलं. अर्ध्या मिनिटात डोळ्यांतून धारा आणि घशात आग. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मनांनी बेल्जियममध्ये शत्रूवर सोडला होता तोच. मी तो स्वतःवर सोडला, नुसत्या टॉवेलवर, आणि जीव घेऊन जिन्यात पळालो. समोरच्या वहिनी नेमक्या दुधाची पिशवी घ्यायला दारात उभ्या होत्या. त्या अजून माझ्याशी भिंतीकडे बघून बोलतात.

आता माझी सगळी भिस्त वरच्या मजल्यावर होती. गळती त्यांची निघाली असती तर खर्चही त्यांचा. प्लंबर वर जाऊन आला. "साहेब, वरची नहाणी खडखडीत आहे. ही तुमचीच वाफ."

खरंच होतं ते. चार माणसांच्या कढत पाण्याच्या आंघोळी, पावसाळाभर आतच वाळत घातलेले कपडे, आणि एकुलती खिडकी कबुतरांच्या भीतीने पत्रा ठोकून बंद. बुरशीला आणखी काय हवं? आम्ही तिला माहेरपणाला आणली होती.

पत्रा काढून जाळी लावली. छत खरवडून, वाळवून बुरशीरोधक रंग दिला. एक्झॉस्ट पंखा बसवला, तो आंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवायचा. आई बाहेर आली की पहिलं बटण बंद.

"आत कोणी नाही, मग पंखा कोणासाठी?"

"हवेसाठी, आई."

"हवेला पंखा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी दाराला आतून कागद चिकटवला : 'पंखा वीस मिनिटे चालू ठेवावा.' काल दाढी करताना सहज लक्ष गेलं. 'ठेवावा'च्या खाली, कोपऱ्यात, सिंधुदुर्ग.