दोन बोटं अजून हवी

काल रात्री 'वन वे पॅसेज' तिसऱ्यांदा पाहिला आणि नंतर कितीतरी वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. १९३२ चा कृष्णधवल सिनेमा, सव्वा तासाचाही नाही. दिग्दर्शक टे गार्नेट. विल्यम पॉवेल आणि के फ्रान्सिस ही जोडी. रॉबर्ट लॉर्ड यांना याच्या कथेसाठी ऑस्कर मिळालं होतं. तरी जुन्या हॉलिवूडच्या प्रेमकथा निघाल्या की याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हाँगकाँगच्या एका बारमध्ये जोनचा (के फ्रान्सिस) डॅनला (पॉवेल) धक्का लागतो, त्याचा ग्लास सांडतो, तिथून ओळख. दारू संपल्यावर दोघं आपापला ग्लास फोडतात आणि हातात उरलेल्या काचेच्या दांड्या एकमेकींवर आडव्या ठेवतात. बाहेर पडताच डॅनला पोलीस धरतो. खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेली आहे, त्याला सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात न्यायचंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच बोटीवर जोनही आहे, आणि तिच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत.

होनोलुलूत डॅनच्या पळून जाण्याची सगळी सोय झालेली असते. नेमकी तिथेच जोन कोसळते. तो तिला उचलतो आणि बोटीवर परत आणतो. बोटीवर परतणं म्हणजे फासावर जाणं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पॉवेलचा चेहरा तिथे नीट बघा. त्यागाचा कसलाही आव नाही.

पुढे दोघांनाही एकमेकांचं खरं कळतं, तेही परक्या तोंडून. आणि दोघंही गप्प राहतात. ३१ डिसेंबरला मेक्सिकोत, आग्वा कालिएन्तेला भेटायचा बेत मात्र मोडत नाहीत.

याला रडका सिनेमा म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. आमच्या घरात हे घडलंय. बाबांच्या शेवटच्या दिवाळीत आईने त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. रिपोर्ट तिने वाचला होता. बाबांनीही वाचला होता, हे आम्हाला फार नंतर समजलं. रोज संध्याकाळी बाबा हात पुढे करायचे, आई सुयांसकट बाही मनगटापर्यंत लावून बघायची आणि म्हणायची, "दोन बोटं अजून हवी." मग थंडीत महाबळेश्वरला कधी निघायचं यावर बोलणं चालायचं. त्या दोघांना मी इतकं आनंदात क्वचित पाहिलं होतं. म्हणून माझं ठाम मत आहे, डॅन आणि जोनने एकमेकांना सगळं सांगून टाकलं असतं, गळ्यात पडून रडले असते, तर हा सिनेमा मी एकदा पाहून विसरले असते.

शेवटचा प्रसंग आग्वा कालिएन्तेच्या बारमधला. नववर्षाची रात्र, गर्दी, गोंगाट. काच फुटल्याचा आवाज येतो. बारवाले वळून बघतात. तिथे कुणीच नसतं. काउंटरवर दोन दांड्या, एकीवर एक आडव्या.