तक्रारपेटी रिकामी असेल तर काळजी करा

वाढत्या कंपन्यांच्या मालकांशी गप्पा मारताना एक तक्रार हमखास ऐकू येते. "दहा-बारा जण होतो तेव्हा सगळे जीव ओतून काम करायचे. आता शंभर आहेत आणि प्रत्येक कामाच्या मागे लागावं लागतं." त्यावरचा उपायही ठरलेला असतो. एचआरला बोलावून सांगायचं की लोकांचा उत्साह वाढेल असं काहीतरी करा. मग वाढदिवस साजरे होतात, सहल निघते, महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा फोटो भिंतीवर लागतो. दोन-तीन महिन्यांनी राजीनामे येतातच, आणि ज्यांनी जाऊ नये असं वाटत होतं नेमके तेच जातात.

सहलीला माझा विरोध नाही, लोकांना मजा येते. पण सोमवारी माणूस कामावर परत येतो तेव्हा तेच बिघडलेलं मशीन, तोच हँग होणारा कॉम्प्युटर आणि तीच तीन सह्यांची भानगड त्याची वाट बघत असते. ही अडचण त्याने दोनदा सांगितलेली असते. तिसऱ्यांदा तो सांगत नाही. माझ्या मते माणूस त्या दिवशी मनाने कंपनी सोडतो, राजीनामा नंतर कधीतरी येतो.

दहा जणांच्या कंपनीत हे होत नाही, कारण मालक शेजारच्याच टेबलावर असतो. अडचण कानावर पडते आणि दुपारपर्यंत सुटते. शंभर जणांत मध्ये टीम लीडर येतो, त्याच्यावर मॅनेजर येतो. प्रत्येक पायरीवर अडचण थोडी सौम्य होत जाते, आणि वर पोचते तोवर "सगळं सुरळीत चाललंय सर" झालेली असते. मग मालक म्हणतो, आमच्याकडे तक्रारपेटी आहे, पण त्यात कुणी काही टाकतच नाही, म्हणजे लोक खूश आहेत. याच निष्कर्षाची मला धास्ती वाटते.

या विषयावर बोलताना मी एक जुनं उदाहरण नेहमी देतो, कारण त्यात माणसं बहुतांश तीच राहिली आणि बदलली ती फक्त व्यवस्था. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटला जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, तक्रारींचे ढीग, संप, कामाच्या जागी दारू. 1982 मध्ये कंपनीने तो बंद केला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना नम्मी नावाने पुन्हा सुरू केला. कामावर घेतलेल्यांत बहुसंख्य जुनेच कामगार होते, युनियनही तीच. शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं गेलं. दोनेक वर्षांत गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली आणि तिथल्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या बाकी कारखान्यांपेक्षा वरचढ ठरू लागला.

असं काय केलं होतं? सगळ्यात जास्त चर्चा दोरीची होते. असेंब्ली लाइनच्या बाजूने एक दोरी असायची. दोष दिसला किंवा काम वेळेत होत नाहीये असं वाटलं तर कुठल्याही कामगाराने ती ओढायची. टीम लीडर धावत यायचा, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर अख्खी लाइन थांबायची. पूर्वी याच कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे घोर अपराध होता. चुकीचा पार्ट लागला तरी गाडी पुढे जायची, शेवटी मैदानात उभी राहायची आणि तिथे दुरुस्त व्हायची. आपल्या हातून वाईट काम पुढे जातंय हे कामगाराला दिसायचं, पण बोलायची सोय नव्हती. अशा जागी उत्साह कुठून येणार?

माझ्या लेखी मात्र दोरीपेक्षा ती ओढल्यावर पुढे काय व्हायचं हे महत्त्वाचं. लीडर येऊन पहिल्यांदा विचारायचा, काय मदत हवी? "कोणी थांबवली लाइन?" असं ओरडत कुणी यायचं नाही. जनरल मोटर्सने नंतर कॅलिफोर्नियातल्याच आपल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यातही ही पद्धत आणायचा प्रयत्न केला. दोऱ्या लागल्या, पण वरिष्ठांची नजर आकड्यांवरच राहिली आणि लाइन थांबणं कुणाला परवडेना. प्रयोग फसला. आपल्याकडच्या किती तरी तक्रारपेट्या, सूचना योजना आणि 'माझं दार सदैव उघडं आहे' म्हणणारे साहेब याच जातीचे असतात. दोरी लावलेली असते, ओढणाऱ्याकडे मात्र डोळे वटारून बघितलं जातं.

नम्मीत 1991 या एका वर्षात कामगारांनी दहा हजारांहून जास्त सूचना दिल्या आणि त्यांतल्या 80 टक्क्यांहून अधिक अमलात आल्या. दहा हजार सूचना येतात कारण आधीच्या सूचनांचं काहीतरी झालेलं लोकांनी पाहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस मागणी पडली आणि कारखाना क्षमतेपेक्षा खूप कमी चालत होता, तेव्हा त्यांनी कुणाला कामावरून काढलं नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षणात आणि सुधारणांच्या कामात गुंतवलं. काम सोपं करायची युक्ती सुचवली तर उद्या माझीच जागा जाईल, ही भीती असेल तर कोण सुचवेल? (तो कारखाना 2010 मध्ये बंद झाला हेही सांगायला हवं. आदल्या वर्षी जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली. कामगार कितीही मन लावून काम करत असले तरी वरच्यांचे सगळे निर्णय ते सावरू शकत नाहीत.)

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, "अहो, लोकांना फक्त पैसा हवा असतो." पैसा हवाच, आणि तो आधी हवा. 1913 मध्ये फोर्डच्या कारखान्यात कामगार बदलण्याचं प्रमाण 370 टक्के होतं, म्हणजे एका जागेवर वर्षभरात सरासरी पावणेचार माणसं येऊन जात होती. जानेवारी 1914 मध्ये फोर्डने दिवसाची कमाई दुपटीहून वाढवून पाच डॉलर केली आणि पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली. 1915 पर्यंत तेच प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. पाच डॉलर मिळण्याच्या अटींत कामगाराचं घरगुती वागणं कसं आहे हेही होतं आणि ते तपासायला कंपनीची माणसं घरी जायची, हा भाग व्याख्यानांत सहसा गाळला जातो. तरी मुद्दा राहतोच. बाजारभावापेक्षा कमी पगार देऊन 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणणाऱ्यांनी ही पोस्ट इथेच थांबवली तरी चालेल. आधी पगार नीट करा. पण पगाराने माणूस थांबतो. थांबल्यावर तो डोकं लावून काम करेल की घड्याळ बघत, हे त्याच्या थेट वरिष्ठावर ठरतं.

वाढत्या कंपन्या सगळ्यात जास्त ढिसाळपणा इथेच करतात. टीम लीडर कोणाला करायचं? जो सगळ्यात जास्त विकतो त्याला. जो सगळ्यात चांगला कोड लिहितो त्याला. विक्री करणाऱ्यांच्या बढत्यांवर तीन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की उत्तम विक्री करणाऱ्यांना बढती मिळायची शक्यता जास्त होती, आणि मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी मात्र खालावत होती. म्हणजे कंपनीने एक चांगला विक्रेता गमावला आणि वर एक सुमार मॅनेजर कमावला. अशा माणसाला पगार वाढवून द्या, मोठं पद द्या, अवघड ग्राहक द्या, पण माणसं सांभाळायला लावू नका. निदान त्याला तरी विचारा की तुला हे करायचंय का. बरेच जण हो म्हणतात, कारण पगारवाढीचा दुसरा रस्ताच कंपनीने ठेवलेला नसतो.

गॅलप ही संस्था वर्षानुवर्षं या विषयावर सर्वेक्षण करते. टीमा-टीमांमध्ये मन लावून काम करण्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे 70 टक्के मॅनेजरमुळे असतो, असा तिचा अंदाज आहे. जगभरात मन लावून काम करणाऱ्यांचं प्रमाण 2024 मध्ये 21 टक्क्यांवर आलं आणि खुद्द मॅनेजरमधलं 30 वरून 27 टक्क्यांवर घसरलं. हे आकडे सर्वेक्षणाचे आहेत, दशांशापर्यंत विश्वास ठेवू नये. पण मधला माणूस थकलाय हे कुठल्याही ऑफिसात उघड्या डोळ्यांनी दिसतं. वरून टार्गेट, खालून तक्रारी, आणि बहुतेकदा स्वतःचं जुनं काम अजून त्याच्याच गळ्यात.

थकव्यावरून आठवलं. कामातल्या या गुंतण्याचा शास्त्रीय अभ्यास ज्याने रूढ केला त्या विल्यम काह्न यांनी 1990 च्या शोधनिबंधात तीन अटी सांगितल्या होत्या. काम अर्थपूर्ण वाटावं, मोकळं बोललं तर शिक्षा होणार नाही याची खात्री असावी, आणि कामात स्वतःला ओतायला माणसात ताकद शिल्लक असावी. पहिल्या दोन अटींवर व्याख्यानं होतात. तिसरीचं नाव कुणी काढत नाही, कारण तिला पैसे लागतात. ऑर्डरी दीडपट झाल्या आणि माणसं तेवढीच ठेवली, तर वाढीचा खर्च कर्मचाऱ्यांच्या झोपेतून निघतो. मग त्यांना उत्साहाच्या कार्यशाळेला बसवायचं, तेही सुट्टीच्या दिवशी!

टार्गेटबद्दल एवढंच. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात खाती, कार्डं अशी आठ-आठ उत्पादनं मारायचा आग्रह होता. दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. 2016 मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा बँकेने सुमारे 5,300 जणांना काढल्याचं समोर आलं आणि 18.5 कोटी डॉलर दंड झाला. आतून आवाज उठवणाऱ्या काहींनाही नोकरी गमवावी लागली होती. कागदावर ती बँक वर्षानुवर्षं वाढतच होती.

म्हणून कुठल्याही कंपनीत मी हल्ली कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणाचे गुण विचारत नाही. मी विचारतो, गेल्या तीन महिन्यांत खालच्या माणसाने सुचवलेली आणि प्रत्यक्षात बदललेली एक गोष्ट दाखवा. मॅनेजर बराच वेळ आठवत बसला तर मला उत्तर मिळालेलं असतं. आणि सर्वेक्षण करायचंच असेल तर त्याचे निकाल महिन्याभरात लोकांसमोर ठेवा, काय बदलणार आणि काय बदलणार नाही ते कारणासकट सांगा. "हे आत्ता जमणार नाही, कारण पैसे नाहीत" हे उत्तर लोक पचवतात. ते देण्याची तयारी नसेल, तर या वर्षी सर्वेक्षण घेऊच नका.