श्रुती, स्मृती, पुराणं आणि रिक वेकमनचं जेवण

शनिवारी रात्री आमच्या गच्चीवर पुन्हा तीच मारामारी झाली. आम्ही चौघं, सगळे पन्नाशीच्या आगेमागे. दोघांना बीपीची गोळी, एकाला दहाच्या आत झोपायची सक्त ताकीद. आणि विषय काय, तर 'यस' या इंग्लिश बँडचा सगळ्यात भारी अल्बम कुठला. हॉस्टेलपासून हे चालू आहे. एकदा यावरून दोघांनी तीन महिने अबोला धरला होता. अबोला सुटला तो एकाच्या लग्नात, आणि तिथेही जेवणाच्या पंगतीत विषय निघालाच.

ज्यांना 'यस' माहीत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच: १९६८ साली लंडनमध्ये सुरू झालेला बँड, जॉन अँडरसनचा बायकी वाटावा इतका उंच आवाज, ख्रिस स्क्वायरचा गुरगुरणारा बेस, वीस-वीस मिनिटांची गाणी, आणि वर रॉजर डीननं काढलेली तरंगत्या बेटांची कव्हरं. माणसं येत-जात राहिली, एसटी स्टँडवर यावीत तशी. पिंक फ्लॉइड कुठूनही कानावर पडतं. 'यस'कडे माणसाला मुद्दाम जावं लागतं, आणि गेलेला माणूस मग इतरांना ओढायला लागतो. हा त्यातलाच प्रकार समजा.

तर मुद्दा. पहिला नंबर कुणाचा यावर माझ्या मते भांडण्यात अर्थच नाही. 'क्लोज टू द एज', १९७२. संपलं. जो माणूस दुसरं काही सांगतो तो एक तर वेगळेपणा मिरवतोय किंवा त्याला समोरच्याला चिडवायचंय. (आमच्यातला एकजण गेली कित्येक वर्षं 'ड्रामा' म्हणतो. त्याचं आम्ही मनावर घेत नाही.) खरं भांडण दुसऱ्या नंबरासाठी असतं, आणि त्या भांडणात दर वेळी एका अल्बमचा बळी जातो: 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'.

या अल्बमबद्दल मला, एक मराठी माणूस म्हणून, काहीतरी बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. का ते सांगतो.

मार्च १९७३. यसचा जुना ड्रमर बिल ब्रुफर्ड याचं लग्न. तो आदल्या वर्षीच 'क्लोज टू द एज'चं रेकॉर्डिंग झाल्यावर किंग क्रिमझन या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला होता. लग्नात किंग क्रिमझनच्या जेमी म्यूरनं अँडरसनला परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचायला सुचवलं. म्हणजे ब्रुफर्ड स्वतः गेला तो गेलाच, वर लग्नात मागच्यांच्या गळ्यात हे लावून दिलं. पुढे टोकियोत, हॉटेलच्या खोलीत पुस्तक वाचता वाचता अँडरसनला त्र्याऐंशीव्या पानावर एक लांबलचक तळटीप सापडली. शास्त्रांचे चार वर्ग: श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं. झालं! चार वर्ग, दोन एलपी, चार बाजू. दौऱ्यात रात्री मेणबत्ती लावून तो आणि गिटारवाला स्टीव्ह हाउ चाली बांधत बसले. अमेरिकेत सव्हानाला तर सकाळचे सात वाजेपर्यंत. त्यातून एक्क्याऐंशी मिनिटांचा अल्बम उभा राहिला, चार गाण्यांचा. होय, चारच.

मी हा पहिल्यांदा ऐकला तो हॉस्टेलवर, कुणाच्या तरी चुलतभावानं भरून दिलेल्या सी-नव्वद कॅसेटवर. अगदी मापात बसतो, एका बाजूला दोन गाणी, दुसऱ्या बाजूला दोन. कव्हर नाही, माहिती नाही, कॅसेटवर बॉलपेननं फक्त 'यस – टेल्स'. कशाबद्दल आहे याचा पत्ता नाही. गाण्याच्या शब्दांवरून कळेल म्हणाल तर अँडरसनचे शब्द त्याला स्वतःला तरी कळत असतील का याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत. बऱ्याच वर्षांनी सीडी घेतली, आतला मजकूर वाचला आणि हसू आवरेना.

कारण श्रुती-स्मृती-पुराणं आमच्या घरात दर श्रावणात व्हायची की! सत्यनारायणाला गुरुजी बसले की संकल्पातच, 'श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं'. एका श्वासात. एवढं एका श्वासात आटपणारे गुरुजी, आणि इकडे हे पाच गोरे, एक्क्याऐंशी मिनिटं. शिवाय अँडरसनला रेकॉर्डिंग रानात जाऊन करायचं होतं. ते जमलं नाही म्हणून लंडनमधल्या स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याची गाय आणून ठेवली होती. गोप्रदानाचीही सोय झाली म्हणायची.

पण चेष्टा बाजूला ठेवू. या अल्बमवर नेहमीचा आरोप असतो तो लांबीचा. 'किती लांबवलंय, कंटाळा येतो.' हा आरोप निदान आपल्याकडच्या माणसानं करू नये. बाबांच्या रेडिओवर विलंबित ख्याल चाळीस मिनिटं चालायचा, आणि त्यात पहिली दहा मिनिटं तर बुवा नुसते चाहूल घेत असायचे. कुणी उठून जात नव्हतं. कीर्तनात निरूपण संपून आख्यान लागेपर्यंत अर्धं देऊळ डुलक्या काढून पुन्हा जागं झालेलं असतं. आपल्याला वीस मिनिटांचं ना कौतुक, ना धास्ती.

मग 'टेल्स'मध्ये नडतं काय? माझं म्हणणं असं, आणि यावरच शनिवारी आवाज चढले: हा अल्बम तळटिपेतून आलाय, हेच त्याचं दुखणं आहे.

आता 'क्लोज टू द एज' बघा. त्याचंही मूळ फिरून भारतातच येतं, हर्मन हेसच्या 'सिद्धार्थ' या कादंबरीत. पण ती गोष्ट आहे. एक माणूस घर सोडतो, भटकतो, पैशात आणि संसारात बुडतो, शेवटी नदीकाठी नावाड्यापाशी येऊन थांबतो. गोष्टीला चाल असते. कुठून तरी निघून कुठे तरी पोचायचं असतं. म्हणूनच ते पावणेएकोणीस मिनिटांचं गाणं पक्ष्यांच्या आणि पाण्याच्या आवाजात सुरू होतं, मग एकदम अंगावर येतं, मध्ये सगळं थांबून नुसते आवाज उरतात, वर चर्चचा ऑर्गन धडधडून उठतो, आणि त्यानंतर मूळ मुखडा परत येतो. त्या परत येण्याला माझ्याकडे एकच शब्द आहे: सम. इतका वेळ ताणून धरल्यावर समेवर येणं. आपोआप मान हलते. आणि शेवटी पुन्हा तेच पक्षी, तेच पाणी.

गंमत म्हणजे हे सगळं सलग वाजवलेलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड केलं आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या एडी ऑफर्डनं टेप कापून-चिकटवून जोडलं. या चिकाटीलाच ब्रुफर्ड वैतागला होता. ऐकताना मात्र एका दमात गायल्यासारखं वाटतं. कापलेलं एकसंध वाटतं आणि 'टेल्स' बाजूच्या बाजू सलग असूनही कापून कापून ठेवल्यासारखा वाटतो. का? कारण तळटिपेत गोष्ट नसते, वर्गीकरण असतं. चार कप्पे. प्रत्येक कप्प्याला एलपीची एक बाजू, आणि ती बाजू भरलीच पाहिजे. कीबोर्डवाल्या रिक वेकमनची तक्रारही थोडीफार हीच होती: एका एलपीला माल जास्त, दोन एलपींना कमी, मग पाणी घातलं. 'रिमेंबरिंग' ही दुसरी बाजू ऐका. सुंदर सुरुवात, सुंदर शेवट, आणि मध्ये आपण दूध उतू जातंय का ते बघून येऊ शकतो. स्मृतीवरचं गाणं आहे आणि नेमकं तेच माझ्या लक्षात राहत नाही.

तरीही पहिली बाजू आणि चौथी बाजू मी कुणाला हात लावू देणार नाही. 'रिच्युअल'मध्ये तर शेवटाकडे सगळेच ताशे-नगारे बडवल्यासारखे तुटून पडतात. एकदा मी मोठ्यानं लावलेलं असताना बाबा खोलीच्या दारात आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "तबलजीला मोकळा सोडलाय वाटतं." मी म्हटलं, सगळ्यांनाच सोडलंय. "मग गाणारा कुठाय?" म्हटलं, तोही वाजवतोय. "बरं," म्हणाले आणि गेले. पण त्यानंतर दार लावून घेतलं नाही. मी याला पसंती समजतो.

वेकमनचं जेवण राहिलंच. 'टेल्स'च्या दौऱ्यात बँड हा अख्खा अल्बम स्टेजवर वाजवायचा आणि वेकमनला मध्ये मध्ये काहीच काम नसायचं. त्यानं स्वतः अनेकदा रंगवून सांगितलेला किस्सा: मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल. ऑर्गनखाली बसलेल्या मदतनिसानं विचारलं, कार्यक्रमानंतर काय खाणार? यानं यादी सांगितली: चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, भरलेला पराठा. मदतनिसाला 'नंतर' ऐकू आलं नाही. थोड्या वेळात कार्यक्रम चालू असतानाच डबे हजर, आणि साहेबांनी कीबोर्डवर मांडून खायला सुरुवात केली. हॉलभर वास.

असल्या लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉकचा, म्हणजे प्रोग रॉकचा, अतिरेक दाखवायला हा किस्सा जगभर सांगितला जातो. मला मात्र दर वेळी दुसरंच डोक्यात येतं. वर शास्त्रं चाललीत आणि खाली विंदालू. विंदालू गोव्याचं, तेही पोर्तुगिजांकडून आलेलं, डुकराच्या मटणाचं, व्हिनेगर आणि लसणातलं. इंग्लंडच्या हॉटेलांत पोचेपर्यंत ते नुसतं जाळ झालं. बॉम्बे आलू तर मुंबईत जन्म काढलेल्या माणसालाही माहीत नसतं. आपल्याकडे ती बटाट्याची भाजी. म्हणजे त्या रात्री स्टेजवर जे वाजत होतं आणि जे खाल्लं जात होतं, दोन्ही भारतातून सारख्याच वळशानं तिथे पोचलेलं. अस्सल दोन्ही नाही, पण चवीचं काहीतरी दोन्हीत आहे. ज्यांना 'टेल्स' भोंदूपणा वाटतो त्यांनी विंदालूही खाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. वेकमननं ते खाल्लं आणि १९७४ मध्ये बँड सोडला.

आता दुसरा नंबर. माझं मत: 'रीलेयर', १९७४. वेकमनच्या जागी स्विस पॅट्रिक मोराझ आला आणि बँड एकदम दात काढून उभा राहिला. 'द गेट्स ऑफ डिलिरियम' बावीस मिनिटांचं, मूळ टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'मध्ये. बघा, पुन्हा कादंबरी! मधल्या लढाईसाठी ड्रमर अ‍ॅलन व्हाइट आणि अँडरसन यांनी भंगारातून गाडीचे सुटे भाग आणून बडवलेत. तो गदारोळ इतका वाढतो की आता बंद करावं असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच सगळं खाली बसतं आणि स्टीलगिटारवर 'सून' (इंग्रजीतलं, 'लवकरच' या अर्थाचं) हा गाण्याचा शेवटचा भाग सुरू होतो. लढाई संपल्यावर धूळ खाली बसत जावी तसं. हे माझं आवडतं पाच-सहा मिनिटांचं संगीत आहे, कुठल्याही भाषेतलं.

तर माझा सिद्धांत: कादंबरी हाताशी असली की 'यस' पोचतात, तळटीप असली की भरकटतात. शनिवारी हे मी मोठ्या थाटात मांडलं. दहाला झोपणाऱ्यानं, पावणेअकरा वाजता, शांतपणे विचारलं, "मग 'फ्रॅजाइल' कुठल्या कादंबरीवर आहे रे?"

बोंबला. 'फ्रॅजाइल' हा 'यस'चाच अल्बम, आणि त्यातलं 'राउंडअबाउट' सुचलं ते दौऱ्यावर असताना, स्कॉटलंडमधल्या प्रवासात, गाडीतून. रस्ता, डोंगर, तळं, बास. आणि 'हार्ट ऑफ द सनराइज'ला तर मीसुद्धा काही म्हणू शकत नाही. मी म्हटलं, त्या अल्बममध्ये पाच तुकडे एकेकट्या माणसाचे आहेत, भरती आहे. तो म्हणाला, "भरतीसकट तुझ्या 'रीलेयर'पेक्षा जास्त वेळा ऐकलाय तू." हे खरं आहे. जुनी मैत्री यासाठी वाईट.

दुसरा म्हणाला, 'गोइंग फॉर द वन'. १९७७. वेकमन परत आलेला. त्यातल्या 'अवेकन' या गाण्यासाठी तो स्वित्झर्लंडमधल्या व्हेवेच्या चर्चमधला ऑर्गन वाजवतोय आणि बाकीचे माँत्रोच्या स्टुडिओत, मध्ये फक्त टेलिफोनची लाइन. तरी सुरात! त्यावर मी काही बोललो नाही. 'अवेकन' लागलं की मी वाद घालत नाही. 'ड्रामा'वाला 'ड्रामा' म्हणाला. १९८०, बगल्स या दुसऱ्या बँडची जोडगोळी 'यस'मध्ये, अँडरसन गायब. आम्ही चकल्यांचा डबा पुढे केला.

एवढ्यात भाचा वर आला. वय वर्षं एकोणीस. त्याला 'राउंडअबाउट' पाठ आहे, पण आमच्यामुळे नाही. 'जोजो' नावाच्या जपानी कार्टून मालिकेच्या शेवटी ते वाजतं आणि त्यावरून इंटरनेटवर विनोद चालतात, तिथून. म्हणाला, "मामा, आता पुढे कुठला ऐकू?"

चौघं एकदम ओरडलो. चार वेगवेगळी नावं. मी तर 'क्लोज टू द एज'साठी उठून उभाच राहिलो. त्यानं सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं, मोबाइलवर काहीतरी चाळलं आणि स्पीकरवर 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' लावलं. १९८३. अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलेलं 'यस'चं एकमेव गाणं. आम्ही चौघंही ज्याला गेली पंचवीस वर्षं 'तो अल्बम' म्हणतो, नाव घेत नाही, त्या '९०१२५' मधलं.

कुणी बंद कर म्हणालं नाही. दुसऱ्या मिनिटाला 'फ्रॅजाइल'वाल्याचा पाय हलायला लागला होता, आणि त्यानं मी बघतोय हे बघितल्यावर तो खुर्चीखाली घेतला.