निळ्या पडद्याचं खापर युरोपवर?

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले आणि विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तो दिवस. तेव्हापासून एक दावा फिरतोय: ‘युरोपने २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टला विंडोजचं कर्नल, म्हणजे सगळा संगणक चालवणारा गाभा, बाहेरच्यांना उघडायला लावलं, म्हणून हे झालं. सगळी सुरक्षा मायक्रोसॉफ्टकडेच असती तर काही बिघडलं नसतं.’ कंपनीच्या प्रवक्त्यानेही तेव्हा बोट तिकडेच दाखवलं होतं.

‘उघडायला लावलं’? युरोपीय आयोगाला दिलेल्या त्या हमीचा मथितार्थ एवढाच, की मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजशी ज्या वाटांनी बोलतं, त्या वाटा इतरांनाही मिळाव्यात. आपलं हे सुरक्षा सॉफ्टवेअर, डिफेंडर, कर्नलबाहेर काढून ‘आता तुम्हीही बाहेर या’ म्हणायला कोणाची आडकाठी नव्हती. आपण माजघरात आणि बाकीचे ओसरीवर, हे तेवढं चालणार नव्हतं.

‘म्हणून हे झालं’? चूक क्राउडस्ट्राइकची. नव्या फाइलने एकविसावं मूल्य तपासायला सांगितलं. संगणकावर बसवलेल्या त्यांच्या ‘सेन्सर’ या प्रोग्रामकडे वीसच होती. तो मेमरीत भलतीकडे वाचायला गेला आणि कर्नलमध्ये असल्यामुळे अख्खी विंडोज कोसळली. कर्नलचा मुद्दा इथपर्यंत खरा. पण आधी थोड्या मशीनवर चालवून न बघता ती फाइल एकदम जगभर सोडा, असं ब्रसेल्सने (म्हणजे युरोपीय आयोगाने) कुठे सांगितलं होतं? ७८ मिनिटांत ती मागे घेतली, तोवर सुमारे ८५ लाख मशीन आडवी झाली होती.

आता ‘सगळं एकाच्या हाती द्या’. २०२३ मध्ये चिनी हॅकरांनी मायक्रोसॉफ्टचीच, लॉगिन खरं असल्याची सही करणारी डिजिटल किल्ली मिळवून अमेरिकी वाणिज्यमंत्र्यांची मेल वाचली. छडा लावला तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, तोही मायक्रोसॉफ्टला जादा पैसे मोजून घेतलेल्या, मेल कोणी उघडली याच्या नोंदींच्या जोरावर. म्हणजे घरात चोर शिरला हे कळायलाही वेगळं भाडं! एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्याच चौकशी मंडळाने लिहिलं, की ही घुसखोरी टाळता आली असती आणि कंपनीची सुरक्षा संस्कृती अपुरी आहे. घराच्या सगळ्या किल्ल्या यांच्याकडे द्यायच्या?

शिवाय २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेरून काम करू देणारी सोय चाचणीसाठी दिलीच. क्राउडस्ट्राइकसकट अनेक कंपन्या त्या कामात आहेत. २००९ ची हमी काही त्याच्या आड आली नाही.