तिसरी फायनल, तिसरा पराभव, आणि तरीही कप लॉटरी नसतो

काल कोलोनला आम्ही परत हरलो. आम्ही म्हणजे एमटी मेल्सुंगेन. मी कासेलला राहते, टीम खेळते पण कासेलच्याच हॉलमध्ये, म्हणून आम्ही. जर्मनीतल्या पुरुषांच्या हँडबॉल कपची फायनल होती, डीएचबी पोकाल म्हणतात त्याला, समोर कीलची टीम, स्कोअर २८-२३. चार वर्षांत तिसरी फायनल आणि तिन्ही हरलो. आईला फोन लावला तर मी हॅलो म्हणायच्या आत म्हणते, "हरलात ना? जेवलीस का?"

आता ज्यांना हँडबॉल म्हणजे फुटबॉलमध्ये हाताला बॉल लागतो तो फाऊल वाटतो त्यांच्यासाठी (माझ्या सख्ख्या मावसभावासकट): हा वेगळा खेळ आहे बाबांनो. सात-सात जण, चाळीस बाय वीस मीटरचं कोर्ट, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, आणि सहा मीटरच्या डीबाहेरून बॉल हाताने गोलमध्ये मारायचा. मी शाळेत खेळायचे. फक्कीने आखलेला डी, त्यात खडी, पडलं की कोपर सोललं. विभागापर्यंत गेलो होतो आम्ही, राज्याला नाही. निम्म्या मुली दहावीच्या ग्रेस मार्कांसाठी आलेल्या, मीही त्यातलीच, खोटं कशाला बोलू.

तर मुद्दा. ऑफिसमधला एक जण आज सकाळी कॉफी मशिनपाशी म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, कप काय लॉटरी असते. मला ते ऐकून हरण्यापेक्षा जास्त राग आला. फुटबॉलचा कप लॉटरी असेल. तिथे छोटी टीम अकरा जण गोलसमोर उभे करते, नव्वद मिनिटं बॉल बाहेर फेकते, एक कॉर्नर मिळतो आणि १-० ने जिंकते. हँडबॉलमध्ये हे जमतच नाही. एका मॅचमध्ये प्रत्येक टीमला पन्नासएक अटॅक मिळतात, दोन्हीकडून पंचवीस-तीस गोल होतात, नशिबाने आलेले दोन-तीन गोल त्यात विरघळून जातात. बरं वेळकाढूपणा करावा तर रेफ्री हात वर करतो आणि मग चार पासात बॉल मारावा लागतो, नाहीतर गेला समोरच्याकडे. लपायला जागाच नाही. जो चांगला तो साठ मिनिटांत चांगला दिसतोच. म्हणून तर कीलकडे आता तेरा कप आहेत, ते काय तेरा वेळा चिठ्ठी लागली म्हणून?

आणि म्हणूनच इथे छोटी टीम जिंकली की ती खरी जिंकते. जून २०२१ मध्ये हॅम्बुर्गला जी फायनल फोर (शेवटच्या चार टीमच्या सेमी आणि फायनल) झाली ती खरंतर २०२० ची, कोरोनामुळे वर्षभर पुढे गेलेली. सेमीला कील विरुद्ध लेमगो. कील म्हणजे सहा महिन्यांपूर्वी हँडबॉलची चॅम्पियन्स लीग जिंकलेली टीम आणि लेमगो चाळीसेक हजार वस्तीचं गाव. हाफटाइमला १८-११ कील पुढे. मी लॅपटॉप तसाच ठेवून कुकर लावायला गेले, म्हटलं संपलं हे. परत येऊन बघते तर फरक कमी होतोय, मग अजून कमी, आणि शेवटी लेमगो २९-२८. मी हॉस्टेलच्या रूममध्ये एकटी ओरडत होते आणि वरण करपलं. आनंद कशाचा तर कील बाहेर गेली, आता फायनलला लेमगो, आता कप आमचाच! दुसऱ्या दिवशी त्याच लेमगोने आम्हाला २८-२४ ने घरी पाठवलं. मोठ्या टीमने हरवलं तर माणूस समजू शकतो हो.

२०२४ च्या फायनलबद्दल दोनच शब्द, माग्डेबुर्ग, ३०-१९. पुढे.

कालचं मात्र सांगायचंय. यावेळी तिकीट काढून गेले, लांक्सेस अरेनामध्ये, जवळपास वीस हजार माणसं फक्त हँडबॉलला, मला तर आधी तेच बघून भरून आलं. प्रत्येक सीटवर पुठ्ठ्याचा घडीचा पंखा ठेवलेला असतो, तो तळहातावर आपटायचा, आणि सगळे एकदम आपटतात तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं. शेजारी सत्तरीच्या एक काकू, लाल मफलर, पिशवीत घरून आणलेले सँडविच, अर्धं मला दिलं. वॉर्मअपला खाली रेलिंगपाशी जाऊन मी एकच गोष्ट बघत होते, खेळाडूंचे बूट. बॉल हाताला चिकटावा म्हणून हे लोक राळेसारखा चिकट पदार्थ वापरतात, त्याचा एक गोळा बुटावर थापून ठेवतात आणि पळता पळता वाकून दोन बोटं तिथे लावतात. आम्ही शाळेत हाताला माती चोळायचो. एवढाच काय तो फरक म्हणायचं :)

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. शनिवारी सेमी आणि रविवारी लगेच फायनल. ज्यांच्या बेंचवर पण इंटरनॅशनल प्लेअर बसलेत त्यांचं ठीक आहे, बाकीच्यांचे पाय दुसऱ्या दिवशी शेवटच्या वीस मिनिटांत जड होतात. मध्ये एक आठवडा ठेवा ना! पण प्रामाणिकपणे सांगायचं तर काल हे कारण चालत नाही, कारण आमची सेमी दुसऱ्या डिव्हिजनच्या बालिंगेनशी होती आणि कीलला पहिल्या डिव्हिजनच्या ऱ्हाइन-नेकर लोवनशी भिडावं लागलं होतं. शिवाय कीलच्या गोलमध्ये आंद्रेआस वोल्फ, जर्मनीच्या नॅशनल टीमचा गोलकीपर. त्यामुळे गप्प बसते. काकूंना हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, एक आठवड्याने ठेवली तर मला दोनदा यावं लागेल, ट्रेनचं भाडं तू देणार का?

आणि मेल्सुंगेन केवढं आहे माहितीये? चौदा-पंधरा हजार वस्ती, आपल्याकडे एखादं बाजाराचं गाव. सलाइन आणि इंजेक्शनवाली बी. ब्राउन कंपनी तिथलीच. बाबा अॅडमिट होते तेव्हा त्यांच्या हाताला लावलेल्या सुईच्या पाकिटावर ते नाव मी वाचलं होतं, तेव्हा काय माहीत होतं पुढे या गावाच्या टीमसाठी मी कोलोनच्या स्टेशनवर तोंड पाडून उभी राहणार आहे.

२०२३ ला जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, पहिलीच, आणि ती महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकली, हे माझ्या ग्रुपमधल्या किती जणांना माहीत होतं? शाळेत किंवा कॉलेजला हँडबॉल खेळलेलं कोणी इथे असेल तर कमेंटमध्ये सांगा, कुठल्या पोझिशनला खेळायचात तेही. मी लेफ्ट विंग. आणि पुढच्या एप्रिलला कोलोनला येणार असाल तर एक सीट पकडून ठेवते, काकूंच्या पलीकडची.